अर्ध्या मिलिमीटरच्या चरांचं सारवण

पहिली प्लेट भट्टीतून बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचा पांढरा थर जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतीसारखा दिसत होता. सगळे पोपडे. चिमट्याने प्लेट जरा कलती केली आणि आठवड्याची मेहनत टिश्यूवर भुरभुरली. लॅबमधले काका शेजारीच उभे होते. त्यांनी वाकून प्लेटवर हलकी फुंकर मारली. होतं नव्हतं तेही उडालं.

"मग हे डिझेल कधी व्हायचं?"

तेव्हा मला वाटत होतं, चार महिन्यांत होईल. लागलं सव्वा वर्ष, आणि त्यातला बहुतेक वेळ केसाच्या निम्म्या जाडीचा एक थर पोलादाला चिकटवण्यात गेला.

एम.टेक.च्या प्रोजेक्टचा विषय मॅडमनी दिला होता. रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं आमचं कॉलेज, खिडकीतून समुद्र दिसतो, लॅबमधला एकही स्क्रू वर्षभर न गंजता राहत नाही. विषय होता मायक्रोरिॲक्टरमध्ये, म्हणजे बारीक चरांच्या छोट्या रिॲक्टरमध्ये, कॅटॅलिस्टचा, म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन त्यावर खाद्यतेलापासून रिन्यूएबल डिझेल करणं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे बायोडिझेल ना?" नाही. बायोडिझेलमध्ये तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया करून एस्टर करतात, त्यात ऑक्सिजन तसाच राहतो. इथे हायड्रोजन वापरून तो ऑक्सिजनच काढून टाकायचा, म्हणजे उरतात पंपावरच्या डिझेलमध्ये असतात तसेच सरळ साखळीचे हायड्रोकार्बन. ऑलिक आम्लाच्या तेलाचा एक रेणू पंधरा हायड्रोजनचे रेणू खातो आणि देतो तीन ऑक्टाडेकेन, एक प्रोपेन, सहा पाणी. फिनलंडमध्ये पोर्व्होला २००७ पासून हे कारखान्यात होतंय. आपल्याकडे डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने जट्रोफाच्या तेलापासून केलेलं विमानाचं इंधन घेऊन २७ ऑगस्ट २०१८ला डेहराडूनहून दिल्लीला विमान गेलं, त्यामागेही हायड्रोजनच. मॅडमच्या केबिनमध्ये त्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं आहे.

मी आधी उंडीच्या तेलावर काम करायचं म्हणून हट्ट धरला होता. आमच्या देवगडकडे उंडीची झाडं किनाऱ्याला लागून आहेत, पूर्वी त्याच तेलावर दिवे जळायचे, बियांत तेलही भरपूर. पण ते तेल हिरवंगार, चिकट, राळ आणि मोकळी आम्लं भरलेलं. मॅडम म्हणाल्या, आधी सोपं जमव. त्यांचं बरोबर होतं, पण तेव्हा राग आला होता.

आता मायक्रोरिॲक्टर कशाला? ही अभिक्रिया साडेतीनशे अंशांच्या आसपास, तीस-पन्नास बार दाबाखाली चालते आणि भरपूर उष्णता सोडते. मोठ्या रिॲक्टरमध्ये मधेच एखादी जागा तापते, तिथे हायड्रोजन कमी पडला की तेलाचा कोळसा होऊन कॅटॅलिस्टवर बसतो. चर अर्धा मिलिमीटरचा असला की उष्णता लगेच पोलादात जाते आणि हायड्रोजनलाही फार लांब जावं लागत नाही. आमची प्लेट ८० मिलिमीटर लांब, ३० रुंद, ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची. तिच्यावर वीस चर कोरलेले, प्रत्येक अर्धा मिलिमीटर रुंद, तेवढाच खोल, ६० मिलिमीटर लांब. एवढ्याशा चरात कॅटॅलिस्टची भुकटी ठासून भरली तर तेल पुढे सरकतच नाही. म्हणून चराच्या भिंतींना कॅटॅलिस्ट लिंपायचा. प्रबंधात हे एका वाक्यात येतं.

पहिल्या पोपड्यांचं कारण दुसऱ्या दिवशी उजेडात सापडलं. सरावासाठी घेतलेल्या एका सपाट तुकड्यावर थर सगळीकडे धरला होता, फक्त एका कोपऱ्यात लंबगोल जागा कोरी होती. भिंगाखाली धरली तर त्यात वळ्या दिसल्या. माझा अंगठा होता तो. रविवारी न्हाण्याआधी डोक्याला खोबरेल चोपडलं होतं, सोमवारी केसांतून हात फिरवला असेल आणि त्याच हाताने धुतलेला तुकडा उचलला असेल. काकांनी तो तुकडा बरेच दिवस नोटीस बोर्डाखाली टाचणीवर लावून ठेवला होता. तेव्हापासून ग्लोव्ह्ज, आणि धुणंही पद्धतशीर: साबणाचं पाणी, मग ॲसिटोनमध्ये सॉनिकेटरवर, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवणाऱ्या टबात, पंधरा मिनिटं, मग सौम्य आम्ल, मग डीआय, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी. शेवटी प्लेटवर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब पसरला तर प्लेट स्वच्छ, मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून.

धुतलेली प्लेट ८०० अंशांना दोन तास हवेत भाजायची. गुळगुळीत चकचकीत पोलादाला काही धरत नाही. भाजल्यावर वर क्रोमियमच्या ऑक्साइडची राखाडी, खरखरीत साय येते, ती थराला पकडून ठेवते.

मग स्लरी, म्हणजे चरात भरायचं पातळ पीठ. पंच्याहत्तर ग्रॅम पाण्यात पाच ग्रॅम पीव्हीए, हा डिंकासारखा पॉलिमर, ६५ अंशांवर ढवळत. पीव्हीए एकदम टाकला की गुठळ्या होतात, बेसनासारख्या, आणि त्या कधीच विरघळत नाहीत. चिमूट चिमूट टाकायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी त्यात वीस ग्रॅम गॅमा ॲल्युमिना, म्हणजे ज्याच्यावर पुढे कॅटॅलिस्टचे धातू बसतात ते ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, आणि एक ग्रॅम ॲसेटिक आम्ल. आम्ल कशासाठी हे मला आधी कळलं नव्हतं, मी एकदा ते विसरले आणि दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी खरवस बसला होता. आम्लात ॲल्युमिनाच्या कणांवर धन भार येतो, कण एकमेकांना ढकलत राहतात आणि तरंगतात. पुढे दिवसभर बॉल मिलमध्ये दळायचं, कण दोन-तीन मायक्रॉनचे होईपर्यंत. स्लरी जमली की नाही हे बघायला दाटपणा मोजणारा व्हिस्कोमीटर होता, पण खरं सांगायचं तर मला घावनाच्या पिठावरून कळायचं. पळी उचलल्यावर धार तुटू नये, आणि मागे राहिलेली रेघ लगेच बुजावी.

चरात ती भरायची कशी, हा वेगळाच घोळ. एका चराचं आकारमान हिशोबाने पंधरा मायक्रोलिटर. आमच्या मायक्रोपिपेटचं टोक चरापेक्षा जाड. शेवटी बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानातून इन्सुलिनच्या सिरिंज आणल्या, शंभर युनिट म्हणजे एक मिलिलिटर असलेल्या. दीड युनिट म्हणजे बरोबर एक चर. दुकानदाराने काळजीने विचारलं, घरात कुणाला साखर झाली? मी म्हटलं, पोलादाला. तो हसला नाही. सुईचं भोक इतकं बारीक की नीट न दळलेली स्लरी तिथेच अडकायची, म्हणजे दळण झालं की नाही याची आणखी एक परीक्षा फुकटात मिळाली.

भरून झालं की वरचं जास्तीचं पात्याने निपटून काढायचं, सुकवायचं, मग ६०० अंशांना भाजायचं, म्हणजे पीव्हीए जळून जातो आणि मागे सच्छिद्र ॲल्युमिना राहतो. मी हे सगळं केलं. अंगठ्याचा ठसा नव्हता, गुठळ्या नव्हत्या. तरी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर मे महिन्यातल्या कातळावरच्या तळीसारखी: चौकोनी-पंचकोनी भेगा, कडा वर वळलेल्या.

कागदावर हिशोब मांडला. पंधरा मायक्रोलिटर स्लरीत साडेतीन मिलिग्रॅम ॲल्युमिना. चराच्या तीन भिंती मिळून नव्वद चौरस मिलिमीटर. सगळीकडे सारखा पसरला तर थर चाळीस मायक्रॉनचा येतो, तो ठीक आहे. पण तो सारखा पसरत नाही. सुकताना स्लरी पाण्यासारखी कोपऱ्यांत चढते, भिंतीच्या मधे पातळ पापुद्रा आणि दोन्ही कोपऱ्यांत जाड ढीग. भेगा सुरू होत होत्या त्या ढिगांपासून.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. खळं सारवत होती, म्हणून फोन स्पीकरवर. मी रडकुंडीला येऊन भेगांचं सांगितलं. तिने मध्येच थांबवलं. "आदी जमीन वली करून घी गो. सुक्या जमनीर सारवण धरणा नाय. जाड हात मारू नको, पातळ दोन हात मार. नि वतात सुकवू नको."

आईला ॲल्युमिना माहीत नाही, पण सारवण तिला माझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त माहीत आहे. मी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं आणि खाली तारीख टाकली. मॅडमनी वही तपासताना तिथे टिकमार्क केला, एक प्रश्नचिन्हही.

पातळ दोन हात सोपे होते. स्लरी निम्मी पातळ केली, दहा टक्क्यांवर आणली, आणि थर दोनदा दिला, मधे भाजून. जमीन ओली करणं म्हणजे आमच्या भाषेत प्रायमर. बोहेमाइट नावाचा ॲल्युमिनाचा एक प्रकार आम्लाच्या पाण्यात अगदी बारीक विरतो, दुधाळ निळसर पाणी होतं. त्याचा एक पुसट हात आधी दिला तर वरचा थर पोलादाऐवजी आपल्याच जातीच्या ॲल्युमिनावर बसतो. हे प्रकाशित शोधनिबंधांत होतंच. मी वाचलंही होतं, पण त्याचं महत्त्व खळं सारवल्यासारखं मनात उतरलं नव्हतं.

राहिलं वतात, म्हणजे उन्हात, न सुकवणं. मे महिन्यात मी प्लेट पंख्याखाली, खिडकीत ठेवत असे. लवकर सुकते म्हणून. मग जून आला, पाऊस लागला. भिंतींना ओल, वह्यांची पानं फुगलेली, प्लेट दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलसर. मी पावसाला शिव्या घालत प्लेटी भाजल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. भेगा जवळजवळ नव्हत्या. तीनदा बघितलं. मेच्या प्लेटी शेजारी ठेवून बघितलं. तीच स्लरी, तीच सुई, तेच हात.

कारण नंतर उलगडलं. वरचं पाणी भराभर उडालं की वरची कातडी आधी आखडते, आतला थर अजून ओला, मग ताण येतो आणि कातडी फाटते. हवा दमट असली की सगळा थर एका लयीत बसतो. मॅडम म्हणाल्या, पावसाळा हा प्रयोगाचा घटक म्हणून लिहिता येणार नाही, आकडा दे. मग आम्ही एक हवाबंद डबा घेतला, तळाशी मिठाचं संपृक्त पाणी, वर जाळीवर प्लेट. मीठ विरघळायचं थांबून तळाला राहिलं असेल तोवर डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास टिकते, बाहेर काहीही असो. मिठागरावरचं खडेमीठ चालत नाही, त्यात मॅग्नेशियम असतं आणि आकडा खाली येतो. लॅबचं शुद्ध मीठ घ्यायचं. डिसेंबरच्या कोरड्या हवेतही त्या डब्याने जुलैसारख्या प्लेटी दिल्या. काका त्याला 'पावसाळी डबा' म्हणत.

पण पावसाने घ्यायचं तेही घेतलं. थराचं वजन प्लेटमागे साठ-सत्तर मिलिग्रॅम, आणि मला त्यातला एखादा मिलिग्रॅमही हवा होता. ओव्हनमधून काढलेली प्लेट तराजूवर ठेवली की आकडा स्थिर होईचना. माझ्या डोळ्यांसमोर शेवटून दुसरा अंक चढत होता, सावकाश, रिक्षाच्या मीटरसारखा. गॅमा ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ दीडशे चौरस मीटरच्या वर असतं. आमचं घर खळ्यासकट त्यात मावेल. एवढ्या सगळ्या पृष्ठभागाने हवेतली वाफ ओढून घ्यायला सुरुवात केली होती. आधीच्या दोन महिन्यांची सगळी वजनं मी एका दुपारी खोडली. नंतर प्लेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे तळाशी ओल शोषणारं सिलिका जेल असलेल्या बंद भांड्यात, गार करायची आणि तराजूवर ठेवल्यापासून ठरावीक वीस सेकंदांनी आकडा घ्यायचा असा नियम केला. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी व्हायला तेव्हा आठवडाही लागत नसे.

भाजण्याचंही एक प्रकरण झालं. तापमान मिनिटाला दोन अंशांनीच चढवायचं, म्हणजे ६०० पर्यंत पावणेपाच तास, कारण पीव्हीए दोनशे ते पाचशेच्या दरम्यान जळतो आणि घाईत जळला तर त्याचा वायू थर फोडून बाहेर येतो. ऑगस्टच्या एका रात्री लाइट गेली, भट्टी तीनशेच्या आसपास असताना. दीड तासाने आली. पण कंट्रोलरला मिनिटाला दोन अंश आठवत नव्हते, त्याला फक्त ६०० आठवत होतं. सकाळी सहा प्लेटी पापडासारख्या फुगलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी कंट्रोलरचं मॅन्युअल पहिल्यांदा पूर्ण वाचलं. लाइट आल्यावर काय करायचं याचं एक सेटिंग त्यात अकराव्या पानावर होतं. निवतानाही घाई नको. ६०० अंशांना ६० मिलिमीटरचा पोलादी चर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लांबलेला असतो, ॲल्युमिना त्याच्या जेमतेम निम्मा. दार लवकर उघडलं की पोलाद आखडतं आणि थर मागे राहतो.

थर धरला की नाही हे बघायला प्लेट पेट्रोलियम ईथरमध्ये बुडवून अर्धा तास सॉनिकेटरवर ठेवायची आणि वजन किती घटलं ते पाहायचं. पहिल्या प्लेटींचा तिसरा हिस्सा तळाशी यायचा. पावसाळी डब्यातल्या प्लेटींचं वजन शंभरात तीनपेक्षा कमी घटलं. त्या संध्याकाळी मी काकांना भजी खायला नेलं.

त्या ॲल्युमिनावर निकेल-मॉलिब्डेनम, म्हणजे अभिक्रिया घडवणारे खरे धातू, चढवणं त्यामानाने सुरळीत गेलं. थर किती पाणी पितो ते आधी मोजायचं, तेवढ्याच पाण्यात अमोनियम हेप्टामॉलिब्डेट आणि निकेल नायट्रेट विरघळवून थेंब थेंब पाजायचं, सुकवायचं, भाजायचं. सुकतानाचा डबा तोच. त्याआधी उघड्यावर सुकवलेल्या एका प्लेटीत सगळा हिरवा रंग चराच्या टोकांना जाऊन बसला होता.

उच्च दाबाच्या हायड्रोजनची सोय आमच्याकडे नाही, आणि नसलेलीच बरी. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही. मुंबईच्या एका संस्थेत आठ दिवस मिळाले. प्लेटी चिवड्याच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि कापूस घालून, मांडवी एक्स्प्रेसने मांडीवर धरून नेल्या. पनवेलला समोरच्या आजींनी विचारलं, चकल्या आहेत का?

तिथे आधी कॅटॅलिस्टला गंधक द्यावा लागतो, मॉलिब्डेनम ऑक्साइडचं सल्फाइड झालं की तो कामाला लागतो. त्यासाठी वापरतात त्या डायमिथाइल डायसल्फाइडचा वास मुंबईकरांना असह्य झाला. मला भिजलेल्या सुक्या मासळीच्या जवळपासचा वाटला, मी डबा उघडून जेवले.

पहिले दोन दिवस शुद्ध ऑलिक आम्ल. मग आमच्या कॉलेजसमोरच्या खानावळीचं तळणीचं तेल, बांगडे-सुरमई तळून काळं पडलेलं. तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते पुन्हा तळायला वापरायचं नाही, असा नियम २०१८पासून आहे. खानावळवाल्या काकूंना तो माहीत होता, मला द्यायला त्या खूश होत्या. मी तेल पाण्याने धुतलं, फॉस्फोरिक आम्लाने त्यातला डिंक काढला, आणि मग आळस करून कापडातून गाळलं. सहा तासांत दाब चढला. एका टोकाला माशाच्या पिठाचे जळके कण अडकले होते. पुढची खेप बारीक फिल्टरमधून, एक दिवस वाया.

तासाला तीन मिलिलिटर तेल आत जात होतं. बाहेर पाणी आणि वर तरंगणारा पातळ, बिनरंगी थर. जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, चार उभे काटे आले: पंधरा, सोळा, सतरा, अठरा कार्बन. ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने गेला की साखळी अख्खी राहते, सोळा आणि अठरा. कार्बनसकट गेला की एक कडी कमी, पंधरा आणि सतरा. सोळाचा काटा बघून कळलं की खानावळीत पामतेल वापरतात. काकूंनी मला शेंगदाण्याचं सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाटली बघितली तर आत पांढरा गोळा. तिथल्या ऑपरेटरला वाटलं पाणी शिरलं, मी क्षणभर घाबरले, मग एसीचा आकडा पाहिला: वीस. ऑक्टाडेकेन २८ अंशांना गोठतं, हेप्टाडेकेन २२ला. डिसेंबरात खोबरेलाच्या बाटलीचं होतं तेच. बाटली बाहेरच्या कठड्यावर उन्हात ठेवली, दहा मिनिटांत पारदर्शक झाली. थंड प्रदेशात हे असं चालणार नाही, सरळ साखळ्या वाकड्या करायला पुढची आयसोमरायझेशनची पायरी लागते, तिला वेगळा कॅटॅलिस्ट आणि वेगळा थर. तो माझ्यानंतर लॅबमध्ये आलेल्या विद्यार्थिनीचा विषय आहे. तिला मी पावसाळी डबा दिला आहे.

प्लेट परत आणून आमच्या लॅबमध्ये उघडली. चरांचं सुरुवातीचं टोक काजळीने काळं, पुढे करडं. काका आले, चष्मा कपाळावर सरकवला, वाकून जोरात फुंकर मारली. टिश्यूवर काही पडलं नाही. त्यांनी पुन्हा मारली.

"बरं. मग डिझेल कुठाय?"

"थोडं मशिनमध्ये गेलं," मी म्हटलं, "बाकीचं मुंबईला गोठलंय."